ल्युटिअल सपोर्ट

आयव्हीएफसारख्या वंध्यत्व-उपचारानंतर गर्भ रुजावा आणि सुरुवातीचे आठवडे टिकावा म्हणून बाहेरून दिलेला संप्रेरकांचा, मुख्यतः प्रोजेस्टेरॉनचा, आधार.

एरवी स्त्रीबीज बाहेर पडले की अंडाशयात मागे राहिलेल्या पुटकाचा, म्हणजे ते बीज वाढवणाऱ्या पिशवीचा, पीतपिंड (कॉर्पस ल्युटिअम) होतो. सुमारे १४ दिवस तो प्रोजेस्टेरॉन स्रवतो आणि गर्भाशयाचे अस्तर रुजणीला तयार करतो. गर्भ राहिलाच तर त्याच्याकडून येणारे एचसीजी हे संप्रेरक पीतपिंडाला जगवते. गरोदरपणाच्या ७ ते ९ आठवड्यांच्या सुमारास हे काम वार (प्लासेंटा) हाती घेते.

आयव्हीएफमध्ये ही साखळी उपचारामुळेच तुटते. इंजेक्शने देऊन एकदम अनेक पुटके वाढवली की संप्रेरकांची पातळी अतोनात चढते, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी पीतपिंडाला जगवणाऱ्या एलएच या संप्रेरकाचा स्राव आखडता घेते आणि पीतपिंड मुदतीआधीच सुकतात. प्रोजेस्टेरॉन हे येथे टॉनिक नव्हे, ती या तुटीची भरपाई आहे. गर्भातच गुणसूत्रदोष असेल तर मात्रा वाढवून काही साधत नाही. गोठवलेला गर्भ इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर तयार केलेल्या अस्तरात सोडतात तेव्हा तर पीतपिंड मुळात नसतोच. सगळी भिस्त औषधावर, म्हणून ते सहसा १० ते १२ आठवड्यांपर्यंत चालते.

योनीमार्गात ठेवायच्या कॅप्सूल किंवा जेल सर्वाधिक वापरात आहेत. त्यांतले औषध थेट गर्भाशयात पोहोचते, त्यामुळे रक्ततपासणीत पातळी कमी दिसली तरी अस्तराला ते पुरेसे मिळालेले असू शकते. पांढरट स्राव होतो, तो औषधाचाच. तेलातली स्नायूंतील इंजेक्शने प्रभावी, पण रोज टोचून कुल्ल्यावर गाठी येतात. साधे प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतल्यास यकृतातच बरेचसे मोडते आणि गुंगी आणते; डायड्रोजेस्टेरॉन या प्रोजेस्टेरॉनसारख्या कृत्रिम औषधाच्या गोळ्या मात्र २०१७-१८ मधील मोठ्या चाचण्यांत योनीमार्गातील औषधाच्या तोडीच्या ठरल्या. एचसीजीची इंजेक्शनेही उपयोगी पडतात, पण अंडाशय धोकादायकरीत्या सुजण्याची भीती असल्याने ती मागे पडली.

औषध स्त्रीबीजे काढल्यानंतर तीन दिवसांच्या आत सुरू होते. स्तन दुखणे, मळमळ, पोट फुगणे ही त्याची लक्षणे हुबेहूब गरोदरपणासारखी असतात, शिवाय पाळीही लांबू शकते. त्यामुळे लक्षणांवरून आस बांधण्यात अर्थ नाही. निकाल बीटा-एचसीजी रक्ततपासणीचाच. ती नकारात्मक आली की डॉक्टर औषध थांबवतात आणि बहुधा काही दिवसांत पाळी येते.