सागरी महामार्ग आणि पांडवलेण्यातली नाव

मे महिन्यात कोकणात जायचं ठरलं की नाशिकमधल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण निघतोच: 'मुंबई-गोवा हायवे नको, समुद्राकाठानं जाऊ.' नकाशात रेवस ते रेडी रेघ सलग दिसते. दाभोळला पोचल्यावर कळतं, रस्ता पाण्यात उतरलाय. एमएच 15 ची गाडी जेट्टीवर रांगेत लावायची, फेरीबोटीचा लोखंडी फाळका खाली आदळला की एकेक करत आत घ्यायची. पलीकडे धोपावे, मग गुहागर.

हा सागरी महामार्ग, म्हणजे प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक 4, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून जातो. 1980 ते 82 या काळात मुख्यमंत्री असलेल्या बॅ. अंतुल्यांनी त्याचं स्वप्न दाखवलं. खरं तर काठाकाठानं जाणारा रस्ता या गावांना पूर्वी फारसा लागलाच नाही. प्रत्येक बंदराची पाठ समुद्राला आणि तोंड घाटाकडे. दाभोळचा माल कुंभार्लीनं कऱ्हाडला चढायचा, वेंगुर्ल्याचा आंबोलीनं बेळगावला. शेजारच्या गावी जायचं तर गलबत होतं, पुढं आगबोट आली. चौल, दाभोळ, विजयदुर्ग, मालवण ही नावं मोठी झाली ती पाण्यावरून. त्या प्रवासाची किंमतही होती: 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. रेवस, म्हणजे याच महामार्गाचं टोक.

तेव्हा प्रश्न डांबराचा कमी, खाड्यांचा जास्त. भाट्ये, जैतापूर इथं पूल झाले. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथं फेरीबोटीनं काम भागवलं. बाणकोटच्या खाडीत तर अर्धवट पुलाचे खांब वर्षानुवर्षं उभे राहिले. याला महामार्ग म्हणणं मला जरा धाडसाचंच वाटतं.

या सगळ्याचा एक जुना धागा आपल्या नाशिकमध्येच आहे. पांडवलेण्यांत 10 क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, मागच्या भिंतीवर अगदी छताखाली, ब्राह्मीत लांबलचक ओळी कोरल्या आहेत. मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं, म्हणून बहुतेक जण सेल्फी काढून पुढं जातात. क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात त्यात आपली दानं मोजतो. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथं धर्मशाळा बांधल्या. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसौर, गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकलगतचंच, शूर्पारक म्हणजे नालासोपारा. त्यानंतर नद्यांची यादी येते: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्यानं 'नावापुण्यतर' केलं, म्हणजे पुण्यासाठी फुकट होड्या ठेवल्या. आणि 'उभतो तीरं', दोन्ही काठांवर, बसायला सभा आणि पाण्याला पाणपोई. होडी लागेपर्यंत माणूस उन्हात ताटकळतो, हे त्याला किंवा त्याच्या कारभाऱ्याला नक्की ठाऊक होतं.

हा किनारा रेवसच्या बराच उत्तरेला, डहाणू ते गुजरात. पण अडचण तीच. यातल्या पारादा आणि दमण, म्हणजे आजच्या पार आणि दमणगंगा, उगम पावतात नाशिक जिल्ह्यातच. सुरगाणा-पेठेकडचा पाऊसच पुढं खाली उतरून त्या काळच्या वाटसरूंची वाट अडवायचा.