जुनं कापड, नवी गोधडी: आमच्या भिंतीवरच्या गोधड्यांविषयी

दुकानात येणारे बहुतेक जण भिंतीवरच्या गोधडीपुढे उभे राहून आधी विचारतात, "हे डिझाइन कुठलं?" आणि मग, जरा आवाज खाली आणून, "एवढी किंमत का?" या पत्रकात मुख्यतः पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते वाचलंत की दुसऱ्याचं बरंचसं कळेल.

आम्ही पांघरायच्या गोधड्या शिवतोच. पण हे पत्रक आर्ट क्विल्टबद्दल, म्हणजे भिंतीवर टांगून बघायच्या गोधड्यांबद्दल आहे. त्यांच्यामागे आठव्या ते पंधराव्या शतकातलं कापड आहे. त्या कापडाची नक्कल आम्ही करत नाही. संग्रहालयातल्या तुकड्याचा फोटो डिजिटल छापून त्यावर चार धावदोरे घातले की 'हेरिटेज' म्हणून विकायला माल तयार होतो. बाजारात तसं पुष्कळ मिळतं, स्वस्तही मिळतं. आम्हाला त्यात रस नाही, कारण शिवणारणीला तिथे करण्यासारखं काही उरत नाही. जुन्या कापडाकडून आम्ही रीत उचलतो: रंग कुठे थांबवला, तुकडे कसे जोडले, आकार कसा उठवला. चित्र आमचं असतं.

सध्या तीन मालिका चालू आहेत.

फुस्तात: उकिरड्याने जपलेली छपाई

आजच्या कैरोच्या दक्षिण भागात फुस्तात नावाचं जुनं शहर होतं. अरबांनी ते इ. स. ६४१ मध्ये वसवलं. ११६८ मध्ये ते जाळलं गेलं आणि पुढे त्याच्या बऱ्याच भागावर कैरोचा कचरा येऊन पडत राहिला. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच. त्यामुळे उकिरड्यात गेलेलं सुती कापडही शेकडो वर्षं टिकलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे तुकडे कैरोच्या दलालांकडे विकायला येऊ लागले. इजिप्तचे अभ्यासक पर्सी न्यूबेरी आणि त्यांच्या पत्नी एसी यांनी ते जमवले. एसीबाई स्वतः भरतकामातल्या जाणकार होत्या. त्यांचा संग्रह १९४६ मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाला मिळाला. त्यात भारतीय ठसेछापाचे बाराशेहून जास्त तुकडे आहेत. माल दलालांकडून आलेला, त्यामुळे प्रत्येक तुकडा फुस्तातचाच असेल असं नाही. पण नाव तेच रूढ झालं आहे, म्हणून आम्हीही तेच वापरतो.

हे कापड गुजरातचं. खंबायत, भडोचसारख्या बंदरांतून गलबतं एडनकडे आणि तांबड्या समुद्राकडे जात, त्यांच्यातून ते गेलं. हे तुकडे तेराव्या शतकापासून पुढचे असावेत, असा बराच काळ समज होता. कापडाच्या अभ्यासक रुथ बार्न्स यांच्या अभ्यासात रेडिओकार्बन चाचण्या, म्हणजे कापडाचं वय काढणाऱ्या चाचण्या झाल्या, तेव्हा काही तुकडे दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत मागे गेले. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या आधी दोन-तीनशे वर्षं. त्याच काळात आपल्या किनाऱ्यावरही कापडाचा व्यापार चालू होताच. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिताना कातड्याबरोबर सुती कापडाचाही उल्लेख केला आहे. पण महाराष्ट्रातलं त्या काळचं सुती कापड आज हाताला जवळपास लागत नाही. एक तर आपला पावसाळा. दुसरं म्हणजे आपल्याकडे कापड सुखासुखी मरत नाही: लुगड्याचं दुपटं होतं, दुपट्याची वाकळ, वाकळीचं पोतेरं. मागे उरणार काय?

फुस्तातच्या तुकड्यांपुढे आम्ही वारंवार येऊन थांबतो, त्याचं कारण हेच. राजेरजवाड्यांची वस्त्रं खजिन्यात राहिली, चर्चच्या कपाटात राहिली. हे मात्र वापरून झिजलेलं, फेकून दिलेलं कापड आहे. कितीतरी तुकड्यांवर शिवणीच्या, दुमडलेल्या काठाच्या खुणा दिसतात. कुणीतरी ते बेतलं, शिवलं, घातलं, आणि विटल्यावर टाकून दिलं. गोधडीचं कुळही हेच.

आता त्यातली रीत. नीळ पाण्यात विरघळत नाही. पिंपात आंबवून तिचं रूप पालटावं लागतं. त्या पिंपातून कापड बाहेर येतं ते पिवळट हिरवं, आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. जिथे निळा नको तिथे आधी ठशाने रोध छापतात, म्हणजे रंग अडवणारा थर. आजचे कच्छचे छपाईवाले त्यासाठी चुना आणि डिंक वापरतात. लाल रंगाची तऱ्हा वेगळी. मंजिष्ठेचा रंग नुसत्या सुतावर नीट धरत नाही; तुरटी छापलेल्या जागीच तो बसतो. म्हणून जुन्या तुकड्यावरची पांढरी रेघ कुणी पांढऱ्या रंगाने काढलेली नसते. ते मुळातलं कापड असतं, रंगापासून वाचलेलं.

फुस्तात मालिकेतल्या गोधडीवर हात फिरवून बघा. धावदोरा रंगीत भागावर आहे, पांढऱ्या रेघेवर एकही टाका नाही. रेघ टाक्यांच्या मधे थोडी फुगून वर येते. हे ठरवून केलेलं आहे. ज्या जागी रंगाऱ्याने रंग अडवला, त्या जागी आम्ही सुई अडवतो. दुसरी गोष्ट ठशाच्या जोडीची. ठसा उचलून शेजारी टेकवताना केसभर इकडेतिकडे झालं की नक्षी तुटते. जुन्या काही तुकड्यांवर ही जोड उघड दिसते. आम्ही तिथून टाक्याची दिशा बदलतो, उभ्याचा आडवा करतो. गोधडी लांबून पाहिली की चौकोन उमटतात ते यामुळे. कापडावर तसे चौकोन छापलेले नाहीत.

नक्षीबद्दल अनेक जण विचारतात. मोत्यांसारख्या ठिपक्यांची किनार, गोल फुलं, एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्या, हंसांची रांग हे सगळं त्या तुकड्यांवर आहे. हंसांची रांग तर इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर तोराजा लोकांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या गुजराती कापडांवरही सापडते. एकच कारागिरी, एक गिऱ्हाईक नाईलकाठी आणि दुसरं पार पूर्वेच्या बेटांवर! आमच्या गोधडीत हंस आला तर एखादाच येतो, तोही रांग सोडून निघालेला. रांगेचा मान जुन्यांचा.

कापड आम्ही स्वतः छापत नाही. ते कच्छमधल्या अजरखपूर आणि धमडका या गावांतल्या छपाईवाल्यांकडून येतं, नैसर्गिक रंगांत. पावसाळ्यात त्यांचं वाळवण अडतं, तेव्हा आमचंही काम अडतं. गणपतीत गोधडी हवी असेल तर होळीच्या सुमारास बोला.

दुनहुआंग: ठिगळांची शेतं

चीनच्या वायव्येला, वाळवंटाच्या कडेला दुनहुआंगची लेणी आहेत. तिथली एक छोटी कोठडी, आज १७ क्रमांकाची, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बंद केली गेली आणि १९०० मध्ये उघडली. पोथ्यांच्या ढिगांबरोबर आतून रेशमी कापडंही निघाली. त्यांतलं एक, रेशमाच्या तुकड्यांची जोडलेली कषाया, म्हणजे बौद्ध भिक्षूचं वस्त्र, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते आठव्या-नवव्या शतकातलं. तुकडे नाना तऱ्हांचे: काही साधे, काही विणीतच नक्षी असलेले, काही रंगवलेले. मांडणी मात्र शिस्तीची. लांब आणि आखूड आयत उभ्या पट्ट्यांत लावलेले, मधे अरुंद पट्ट्या.

ही मांडणी भारतातून गेली. विनयपिटकातली, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या बौद्ध ग्रंथातली गोष्ट अशी, की बुद्धांनी मगधातली बांधांनी आखलेली शेतं शिष्य आनंदाला दाखवली आणि भिक्षूंसाठी तसं वस्त्र करता येईल का, म्हणून विचारलं. आनंदाने तसं बेतून दाखवलं. कोकणात घाटावरून खाली बघताना भातखाचरं दिसतात, त्यांचा हा बेत आहे हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

या मालिकेला आम्ही तुमचंच कापड वापरतो: आजीची साडी, वडिलांचा सदरा, उशांचे जुने अभ्रे. आयत खाचरांचे, अरुंद पट्ट्या बांधांच्या. एक नियम आम्ही सोडत नाही: तुकडे रंगाप्रमाणे लावायचे नाहीत, लांबीप्रमाणे लावायचे. रंग जुळवायला बसलं की गोधडी गोड दिसते, पण शोरूममधल्या बेडशीटसारखी. लांबीने लावलं की मधेच एखादा भडक तुकडा वर येतो. तो येऊ द्यायचा.

साडी आणताना एवढं लक्षात घ्या. सुती असेल तर उत्तम, विरलेली असली तरी चालते. तिला आम्ही मागून मलमलीचा आधार देतो. जुन्या रेशमी साडीच्या घड्या पडलेल्या जागी रेशीम उभं फाटतं, ते आधी तपासावं लागतं. पैठणीचा जरीचा पदर गोधडीत घालावा असं आम्ही सहसा सुचवत नाही. जर जड असते, शेजारचं मऊ कापड ती ओढत राहते. आणि कापायच्या आधी पूर्ण बेत कागदावर दाखवल्याशिवाय आम्ही कात्री लावत नाही. घरात कुणाचा जीव त्या साडीत अडकलेला असेल, तर त्यांनाही बेत बघायला घेऊन या. कापल्यावर रुसवे काढता येत नाहीत.

सिसिली: गोधडीत गोष्ट

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, साधारण १३६० ते १४०० च्या दरम्यान, इटलीजवळच्या सिसिली बेटावर ट्रिस्टनच्या, म्हणजे जुन्या युरोपीय कथेतल्या एका सरदाराच्या, गोष्टीची गोधडी शिवली गेली. तिचा एक भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, दुसरा फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयामध्ये. युरोपातल्या आजवर टिकलेल्या गोधड्यांत ही सगळ्यांत जुन्यांपैकी. लंडनच्या भागात १४ प्रसंग आहेत: गलबतं, किल्ले, घोडेस्वार. कुठे काय चाललंय ते सिसिलीच्या बोलीत शिवून लिहिलेलं.

रंग जवळपास नाहीच. लिननचे दोन थर, आकृत्यांच्या कडा तपकिरी दोऱ्याने उलट्या टिपेत, आणि आकृतीच्या पोटात कापूस ठासलेला. माणसं, घोडे कापडातून वर उठून दिसतात. सगळं चित्र सावलीवर उभं आहे.

आम्हाला घ्यायची होती ती ही सावली. सरदार आणि गलबतं तिकडचीच राहू दे. या मालिकेत आम्ही तुमच्या घरातला किंवा गावातला एक प्रसंग घेतो, एकच. चौदा प्रसंगांना राजाची ऐपत लागते. पांढऱ्या खादीवर तपकिरी दोरा, मागचं अस्तर सैल विणीचं. दाभणाच्या बोथट टोकाने अस्तराचे धागे हलकेच बाजूला सारून, आकृतीच्या मागून कापूस भरायचा आणि धागे पुन्हा जागेवर आणायचे. कापूस जास्त झाला तर माणूस सुजल्यासारखा दिसतो, कमी पडला तर आकृती दिसतच नाही. चेहरे आम्ही भरत नाही, नुसती रेघ काढतो. ही गोधडी खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावू नका, बाजूच्या भिंतीवर लावा. उजेड तिरका पडला तरच ती दिसते.

"मग गोव्याची, पोर्तुगीजांची का नाही?" असंही कुणी विचारतं. पोर्तुगीज व्यापाऱ्यांसाठी बंगालमध्ये केलेल्या, टसर रेशमाच्या भरतकामाच्या गोधड्या अप्रतिम आहेत, पण त्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या. त्या इथे कोंबल्या तर शतकांची भेळ होईल.

घरी नेल्यावर

गोधडीच्या मागे वरच्या काठाला कापडाची बाही शिवलेली असते, तिच्यातून काठी घालून टांगा. खिळे गोधडीत ठोकू नका, चिमटेही लावू नका. सगळा भार दोन जागी येतो आणि कापड तिथून ताणतं. थेट ऊन नको. नीळ तग धरते, हळदीचा पिवळा काही महिन्यांत उडतो, म्हणून हळद आम्ही वापरतच नाही. लोखंडाच्या पाण्याने केलेला काळा रंगही मोठ्या भागावर घेत नाही. लोखंड सूत हळूहळू खातं. जुन्या कापडांत काळ्या रेघा तेवढ्या झडून गेलेल्या दिसतात, त्या यामुळेच.

निळीच्या गोधडीला सुरुवातीला हात लावलात तर बोटाला किंचित निळं लागेल. तो वरचा सुटा रंग असतो, घाबरू नका. धूळ काढायला व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडावर पातळ जाळीचं कापड बांधा आणि कमी जोरावर फिरवा. धुऊ नका. ड्रायक्लीनलाही देऊ नका, आमच्याकडे आणा. पावसाळ्यात बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवरून उतरवून ठेवणं बरं. ठेवताना घडी घालू नका, जुन्या सुती चादरीत गुंडाळी करा. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडाला लागू देऊ नका.

किंमत आणि ऑर्डर

किंमत आम्ही चौरस फुटावर लावत नाही. एकाच मापाच्या दोन गोधड्यांत टाक्यांचा फरक दुपटीहून जास्त असू शकतो. सिसिली मालिका सर्वांत सावकाश होते आणि म्हणून सर्वांत महाग पडते. आधी भिंतीचं माप आणि उजेड कुठून येतो ते सांगा. मग आम्ही बेत आणि टाक्याचा वीतभर नमुना देतो. नमुना घरी नेऊन भिंतीवर धरून बघा. नमुन्याचे पैसे ऑर्डर दिलीत तर बिलात वळते होतात, नाही दिलीत तर नमुना तुमचा.

प्रत्येक गोधडीच्या मागे एक छोटं कापडी ठिगळ असतं. त्यावर कापड कुठून आलं, रंग कोणते, रीत कुठल्या जुन्या कापडावरून घेतली आणि ते कापड आज कुठल्या संग्रहालयात आहे, हे शाईने लिहिलेलं असतं. शिवणारीला आवडत असेल तर तिचं नावही. टाके उसवले तर दुरुस्ती आम्ही फुकट करतो. मांजराने ओरबाडलं असेल तर कापडाचे पैसे पडतील.