ढवळलं म्हणजे मिसळलं नव्हे

सोलकढी करताना नारळाच्या रसात कोकमाचं आगळ ओता आणि पळी एकदाच फिरवून थांबा. गुलाबी रेघा पातेलंभर पसरतात, पण दोन रेघांमधला रस पांढराच राहतो. रेघा पसरल्या, ते ढवळणं. रेघ आणि रस यांच्यातली सीमाच पुसली गेली, की ते मिसळणं. बोलताना आपण दोन्हींना एकच समजतो आणि सोलकढीचं त्यात काही बिघडत नाही. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची बॅच लावणाऱ्याचं मात्र बिघडतं.

ढवळण्याचं काम भोवऱ्यांचं. मोठा भोवरा फुटून लहान होतात, ते आणखी फुटतात, आणि एका मापाला आल्यावर द्रवाचा चिकटपणा त्यांना संपवतो. किलोमागे एक वॅट शक्ती लावली, तर पाण्यात हे माप साधारण 30 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येतं. रशियन गणिती कोल्मोगोरोव्हनं 1941 मध्ये मांडलेला हा हिशेब. त्यापुढचं काम विसरणाचं, म्हणजे रेणू आपोआप पसरत जाण्याचं, आणि विसरण भलतंच सुस्त. एक सेंटीमीटर पार करायला त्याला दिवसाहून जास्त वेळ लागतो, 10 मायक्रॉनला सेकंदाचा दहावा भाग. म्हणजे भोवरे काही मिसळत नाहीत. ते रेघा ओढून ओढून इतक्या बारीक करतात, की विसरणाचं उरलेलं काम चुटकीसरशी उरकतं.

मग कॉम्प्युटरवर या सगळ्याचं मॉडेल करणाऱ्याचं नेमकं कुठे चुकतं? सरासरीत. गोव्याच्या मांडवी नदीत समुद्राजवळ उन्हाळ्यात खारं आणि गोडं पाणी वरपासून तळापर्यंत बऱ्यापैकी एकजीव असतं, पावसाळ्यात गोडं पाणी वर राहतं. हा खारटपणा मोजायला सरासरी पुरते, कारण मीठ तिथे कुणाशी रिॲक्शन करत बसत नाही. आता कॉम्प्युटरवरच्या जाळीतली एक चौकट घ्या. अर्ध्या भागात नुसतं आम्ल, अर्ध्यात नुसता अल्कली, दोन्हींची तीव्रता 1. चौकटीची सरासरी प्रत्येकी 0.5. रिॲक्शनचा वेग दोघांच्या गुणाकारावर ठरतो, म्हणून मॉडेल 0.25 धरून चालतं. प्रत्यक्षात आम्ल आहे तिथे अल्कली नाही, त्यामुळे गुणाकार सगळीकडे शून्य. कागदावर रिॲक्शन जोरात, भांड्यात शुकशुकाट!

रिॲक्शन तासन्तास चालणारी असेल तर या चुकीनं फरक पडत नाही, तोवर सगळं मिसळून जातं. म्हणून आधी मिसळायला लागणारा वेळ आणि रिॲक्शनचा वेळ यांचं गुणोत्तर काढतात; त्याला डामकोलरचा अंक म्हणतात. तो खूप मोठा आला, की रसायनशास्त्र बाजूला पडतं आणि मिसळण्याचा वेग हाच रिॲक्शनचा वेग होतो. स्पाल्डिंगनं 1971 मध्ये ज्वाळांसाठी हेच धरून मॉडेल केलं. ज्वाळांत ते बऱ्यापैकी चालतं, कारण वायूत विसरण चपळ असतं. तेच सूत्र डोळे मिटून पाण्याला लावणं मला तरी धाडसाचं वाटतं.

मिसळणं डोळ्यांनी बघायचं असेल तर प्रयोगशाळेत एक छान युक्ती आहे. बोरेट, आयोडाइड आणि आयोडेटच्या द्रावणात थोडं आम्ल सोडायचं, बोरेट सगळं पिऊन टाकेल इतकंच. बोरेट आम्लाला जवळपास क्षणात गिळतं. आम्लामुळे आयोडाइड-आयोडेटमधून आयोडीन होण्याची रिॲक्शन त्यामानानं किंचित हळू. मिसळणं चोख असेल तर आयोडीन जवळजवळ तयारच होत नाही. ढिलं असेल तर आम्लाचे थवे काही क्षण तसेच राहतात, जवळचं बोरेट संपतं, आणि आयोडीन होऊन द्रावण पिवळं पडतं. जितकं पिवळं, तितकं मिसळणं वाईट.

मी काम करत होतो त्या कारखान्यात एकदा असंच झालं. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये स्वच्छ येणारी बॅच मोठ्या रिॲक्टरमध्ये गेली आणि नको असलेला उपपदार्थ वाढला. “सर, आरपीएम वाढवूया?” ऑपरेटरनं विचारलं. ढवळणाऱ्या पंख्याचे मिनिटाचे फेरे वाढवले, फरक नाममात्र. वरून बघितलं तर द्रव गरगर फिरत होता, ढवळण्यात काहीच कमी नव्हतं. पण आम्ल पृष्ठभागावर पडत होतं, आणि भोवरे सगळ्यात बारीक होतात ते खाली त्या पंख्याच्या, म्हणजे इम्पेलरच्या पात्यांजवळ. शेवटी आम्ल सोडणारी नळी पात्यांपर्यंत खाली नेली, आरपीएम पहिल्यासारखाच ठेवला. पुढची बॅच पास झाली.