किशोरवयीन स्थूलता : सामाजिक व लोकसांख्यिक घटक

वय व उंचीच्या मानाने शरीरात मेदाचा अतिरिक्त साठा होण्यामागे आहार आणि व्यायामाखेरीज कौटुंबिक उत्पन्न, निवास, लिंग, आईचे पोषण इ. घटकही असतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारतातील ५ ते १९ वर्षे वयोगटाचा विचार केला आहे.

मापन : प्रौढांसाठीची देहभारांकाची (बीएमआय; किग्रॅ.मधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) स्थिर मर्यादा मुलांना लागू पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संदर्भमानानुसार त्या वयाच्या मध्यकापेक्षा (मधल्या मूल्यापेक्षा) एका प्रमाण विचलनाहून (मूल्यांच्या विखुरलेपणाचे माप) अधिक देहभारांक म्हणजे अतिवजन आणि दोहोंहून अधिक म्हणजे स्थूलता. त्यापूर्वी, २००० मध्ये, टिम कोल व सहकाऱ्यांनी प्रौढांच्या २५ (अतिवजन) व ३० (स्थूलता) या मर्यादांशी जुळणारे वयानुसार देहभारांकाचे वक्र मांडले होते. ते सहा देशांतील मापनांवर आधारलेले असून त्यांत भारत नव्हता. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये २३ व २७ शी जुळणाऱ्या मर्यादांचे तक्ते प्रसिद्ध केले. भारतीय मुलांपुरते हेच तक्ते अधिक सयुक्तिक वाटतात. मात्र त्यांनुसार स्थूल मुलांची टक्केवारी कोलच्या वक्रांपेक्षा जास्त निघते. वेगवेगळ्या मापांच्या टक्केवाऱ्या शेजारी मांडून ‘वाढ’ दाखविण्याचा प्रघात म्हणूनच दिशाभूल करणारा आहे.

व्याप्ती : २०१६–१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सु. ५% मुले अतिवजनी वा स्थूल आढळली, तर सु. २४% कृश. दोन्ही टोके एकाच देशात, क्वचित एकाच घरात दिसतात.

आर्थिक स्तर : सोबाल व स्टंकार्ड यांनी १९८९ मध्ये केलेल्या आढाव्यात विकसित देशांत स्थूलता गरीब स्त्रियांत अधिक, तर विकसनशील समाजांत संपन्न वर्गात अधिक असल्याचे दिसून आले. भारतीय मुलांत अजून दुसरा नमुनाच ठळक आहे : शहरी वस्ती, खाजगी शाळा, घरातील वाहन यांच्याशी अतिवजनाचा संबंध आढळतो. स्वस्त वेष्टित खाद्यपदार्थ सर्वत्र पोहोचल्याने हे अंतर घटत असावे.

गर्भावस्थेतील पोषण : तितक्याच देहभारांकाच्या युरोपीयांपेक्षा भारतीयांत मेद अधिक का, याविषयी मतभेद आहेत. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये ‘काटकसरी जनुका’ची (टंचाईच्या काळासाठी मेद साठविण्यास मदत करणाऱ्या जनुकाची) कल्पना मांडली, हेल्स व बार्कर यांनी १९९२ मध्ये जनुकांऐवजी गर्भावस्थेतील कुपोषणावर भर दिला. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने दुसऱ्या मताला बळ मिळते. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे सु. ३.५ किग्रॅ. होते. पुण्याच्या अर्भकांचे स्नायू व उदरातील अवयव लहान होते. पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. याज्ञिक व ब्रिटिश वैद्यक संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच उदाहरणे दिली : दोघांचा देहभारांक २२.३, पण शरीरमेद अनुक्रमे २१.२% व ९.१%. अर्थात जनुकीय घटक यामुळे सर्वस्वी बाद ठरत नाहीत.

लिंग व परिसर : वयात आल्यावर मुलींचे मैदानी खेळ बऱ्याच ठिकाणी कमी होतात. शहरांत मोकळ्या जागांची टंचाई व शिकवणीचे तास यांचा परिणाम मुलगे व मुली दोघांवर होतो.

नियमन : २०२० च्या केंद्रीय अन्नसुरक्षा विनियमांनुसार मेद, मीठ वा साखर अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात व प्रवेशद्वारापासून ५० मी. अंतरात विकण्यास मनाई आहे.