सौंदर्यविचार आणि संगीतरचना (गोमंतकीय संदर्भात)

कलेतील सौंदर्य आणि रस यांविषयी एखादी तात्त्विक भूमिका घेऊन तिच्या आधारे संगीत रचण्याची पद्धती. भरताच्या नाट्यशास्त्रातील रसविचार हा तिचा एक जुना आधार. अमेरिकी रचनाकार जॉन केज यांना तो कलामीमांसक आनंद कुमारस्वामी यांच्या लेखनातून भेटला. तारांत बोल्ट, स्क्रू, रबर अडकवलेल्या पियानोसाठी त्यांनी १९४६–४८ मध्ये ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ रचले. आठ स्थायीभाव (मनात मूळचेच असलेले भाव) आणि त्यांची शांत रसाकडे असलेली ओढ हा त्यामागचा विचार.

गोमंतकीय परंपरेत हा विचार सर्वांत खोलवर नेला तो गायिका किशोरी आमोणकर यांनी. त्यांच्या मातुःश्री व गुरू मोगूबाई कुर्डीकर मूळच्या कुर्डीच्या. हा गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला. मोगूबाईंची जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी लयीला घट्ट धरून चालणारी. तीच तालीम घेतलेल्या किशोरीताईंनी आलापाला अधिक अवकाश दिला, कारण त्यांच्या लेखी राग म्हणजे भावाचे वातावरण होते आणि स्वराने त्या भावाचे होऊनच यायला हवे. ‘स्वरार्थरमणी’ या मराठी ग्रंथात त्यांनी आपला रागरससिद्धान्त मांडला. भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर, देशकारात धैवत (ध). एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा, दुसरा सकाळी. स्वर तेच असून धैवतावर किती आणि कसे थांबायचे एवढ्याने राग पालटतो. रससिद्धान्त हा केवळ पोथीतला विषय नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

मंगेशीचे गायक-संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांच्यापुढे हाच प्रश्न रंगभूमीवर आला. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकाचा संघर्षच दोन गायकींचा. संवादांत सांगितलेला भेद चालींत ऐकू आला नसता, तर नाटक उभेच राहिले नसते. भूमिका कानाला कळली पाहिजे, ही या पद्धतीची खरी कसोटी. तिच्यावर अभिषेकीबुवांच्या चाली पुरेपूर उतरल्या.

मांडो या गोव्यातील कोंकणी गीतप्रकाराची सौंदर्यदृष्टी निराळी. संथ लय, विरहाचे शब्द, दोन आवाजांची जोड, साथीला व्हायोलिन आणि घुमट हे मातीचे तालवाद्य. घुमटाच्या एका तोंडाला चामडे असते, दुसरे धाकटे तोंड उघडे. त्यावर हात ठेवून वा काढून वादक नाद दाबतो, फुलवतो.

माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक व रचनाकार अँथनी गोन्साल्विस यांनी रागाची आणि पाश्चात्त्य स्वरमेळाची अशा दोन दृष्टी एकत्र आणण्याचा ध्यास घेतला. १९५८ मध्ये मुंबईत त्यांनी वाद्यवृंद उभारला आणि रागांवर आधारलेल्या रचना त्यासाठी लिहिल्या. यातली अडचण तांत्रिक दिसली तरी मुळात तात्त्विक आहे. रागातला प्रत्येक स्वर अचल षड्जाशी (सा) नाते ठेवून बोलतो. खाली कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बदलत गेले की कानाला आधारस्वरच हलल्यासारखा वाटतो. म्हणून रागासाठी हार्मनी, म्हणजे कॉर्डची साथ, योजताना कोणता कॉर्ड घ्यायचा याआधी, रागाचा भाव सांभाळण्यासाठी कोणता टाळायचा, हे रचनाकाराला ठरवावे लागते.