ऑप-अँप आयसी ‘उडाला’ म्हणून परत आणण्याआधी हे वाचा

चवथीची सुट्टी संपली की कॉलेजची प्रोजेक्टं सुरू होतात आणि फोंड्याच्या आमच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानाच्या काउंटरवर तीच तक्रार येते, ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारा आयसी) वापरून डिफरन्शियल इक्वेशन सोडवणारं सर्किट लावलं, पॉवर दिली आणि आउटपुट १३ व्होल्टला जाऊन चिकटलं, आयसी खराब आहे, बदलून द्या. आम्ही तो तुमच्यासमोरच तपासतो. आउटपुट मायनस इनपुटला जोडायचं, प्लस इनपुटला १ व्होल्ट द्यायचा, आउटपुटला पण १ व्होल्ट आला की आयसी ठणठणीत. बहुतेक वेळा तो ठणठणीतच निघतो आणि तुमची मडगाव-म्हापशाहून मारलेली खेप फुकट जाते, म्हणून हे लिहितोय.

चूक असते चिन्हाची. एक्स-डबल-डॉट = −एक्स-डॉट −एक्स हे इक्वेशन घ्या (एक्स-डॉट म्हणजे एक्स बदलण्याचा वेग, डबल-डॉट म्हणजे त्या वेगाच्या बदलाचा वेग). वहीत दोन मायनस दिसले की काहीजण आउटपुट मागे इनपुटला नेणाऱ्या दोन्ही वाटांवर इन्व्हर्टर (चिन्ह उलटं करणारा ऑप-अँप) टाकतात, काहीजण एकही टाकत नाहीत. पण इंटिग्रेटर (इनपुट साठवत जाणारा ऑप-अँप, या सर्किटात असे दोन) स्वतःच चिन्ह उलटं करतो ना! पहिल्यातून बाहेर येतो −एक्स-डॉट, डॅम्पिंगला (लाट हळूहळू विझवायला) हवा तोच, तो रेझिस्टरमधून सरळ मागे न्यायचा. दुसऱ्यातून येतो +एक्स, इन्व्हर्टर फक्त त्याला.

चूक कुठल्या वाटेवर आहे ते स्कोपच (व्होल्टेजची लाट दाखवणारा ऑसिलोस्कोप) सांगतो. एक्सच्या वाटेवरचा इन्व्हर्टर राहिला तर पापणी लवायच्या आत आउटपुट टोकाला जाऊन बसतं. डॅम्पिंगच्या वाटेवर जास्तीचा पडला तर लाट वाढत वाढत जाते आणि मग वरखाली सपाट कापली जाते. हे दिसलं तर आयसी उपटू नका, कागदावर प्रत्येक आउटपुटपाशी चिन्ह लिहून लूप एकदा फिरून या.

या सर्किटाच्या आमच्या किटमध्ये आम्ही ७४१ हा ऑप-अँप न देता टीएल०७४ देतो, त्यावरून घासाघीस होते, ७४१ स्वस्त पडतो हे खरंच आहे. पण त्याचा बायस करंट (इनपुटमधून वाहणारा बारीकसा करंट) साधारण ८० नॅनोअँपिअर, १ मेगओहममधून गेला की ८० मिलिव्होल्टची चूक झाली आणि इंटिग्रेटर ती साठवतच बसतो. टीएल०७४ चा करंट पिकोअँपिअरमध्ये, शिवाय एकाच आयसीत चार ऑप-अँप, म्हणजे या इक्वेशनला तीन वापरून एक शिल्लक. सोबत १ टक्क्याचे १०० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचे पॉलिएस्टर कपॅसिटर येतात, त्यावर साधारण १६ हर्ट्झच्या आसपास काम चालतं, स्कोपवर छान दिसतं. डॅम्पिंगचा १०० किलोओहम काढून १ मेगओहम लावून बघा, लाट किती वेळ टिकते ते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इंटिग्रेटरला लावू नका, तो लीक होतो आणि उलटा व्होल्टेज त्याला चालत नाही.

पावसात ब्रेडबोर्ड दमट होतो, लावण्याआधी कोरडा करून घ्या. तरीही अडलं तर सर्किट काढलेला कागद घेऊन या किंवा फोटो पाठवा, किट दुसरीकडून घेतलेलं असलं तरी आम्ही बघून देतो. सोल्डर केलेला आयसी मात्र बदलून मिळत नाही, त्यामुळे बेस (आयसी बसवायचा सॉकेट) घ्याच, किटबरोबर घेतलात तर त्याचे पैसे लावत नाही.