पहिल्या भेटीला सगळे कागद आणा, विरोधातलासुद्धा

(आमच्या व्यापारी आणि उद्योजक पक्षकारांसाठी माहितीपत्रक, जळगाव)

नमस्कार.

वसुलीचं किंवा कराराच्या भांडणाचं काम घेऊन येणारा पक्षकार खुर्चीत बसल्या बसल्या एक प्रश्न विचारतो. दाणा बाजारातला असेल तर म्हणतो, "साहेब, साधी नोटीस तर काढायची आहे, एवढे कागद कशाला?" अमळनेर-पारोळ्याकडचा असेल तर म्हणतो, "इतला कागद कसाले, भाऊ?" मी आणि माझे दोन ज्युनिअर याचं उत्तर रोज तोंडी देतो आणि त्यात तुमचा वेळ जातो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून काढलं आहे. भेटीला येण्याआधी वाचा, आणि तुमच्या मुनीमजींना किंवा अकाउंटंटलाही वाचायला द्या. बहुतेक कागद त्यांच्याच कपाटात असतात.

मी वकिली सुरू केली तेव्हा दिवाणी दाव्यात कागद हप्त्याहप्त्यानं येत. दावा आधी दाखल व्हायचा, बिलं सहा महिन्यांनी, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) साक्षीच्या आदल्या दिवशी. कोर्टही सांभाळून घ्यायचं. व्यापारी दाव्यांपुरते ते दिवस संपले आहेत. २०१५ साली वाणिज्यिक न्यायालयांचा कायदा आला. सुरुवातीला तो एक कोटी आणि त्यावरच्या वादांना लागू होता, त्यामुळे आपल्याकडच्या फार कमी लोकांशी त्याचा संबंध आला. २०१८ च्या दुरुस्तीनं ही मर्यादा तीन लाखांवर आणली. आज एका ट्रकभर डाळीची उधारी थकली तरी हा कायदा लागू होऊ शकतो. चटईचा कारखाना, जिनिंग, डाळमिल, पीव्हीसी पाइप, केळीच्या गाड्या उत्तरेत पाठवणारे व्यापारी, दोंडाईचा-नंदुरबारकडचे मिरचीवाले, सगळेच यात येतात.

या कायद्यानं दाव्याची पद्धत बदलली. वादाशी संबंधित जे कागद तुमच्याकडे आहेत, ते सगळे दाव्यासोबतच द्यावे लागतात. नियमाचे शब्द स्पष्ट आहेत: कागद तुमच्या बाजूचा असो की तुमच्या विरोधातला, दोन्ही द्यायचे. शिवाय माझ्याकडे जे होतं ते सगळं मी हजर केलं आहे, लपवलेलं काही नाही, असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. त्या शपथेवर सही तुमची असते, वकिलाची नाही. नंतर एखादा कागद आणायचा झाला तर आधी का दिला नाही याचं सबळ कारण दाखवून कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. तातडीचा दावा असेल तर तीस दिवसांची थोडी सवलत मागता येते. एवढंच.

आता ज्या एका चुकीपायी तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, ती सांगतो. पक्षकार आपल्या बाजूचे कागद नीट फाइल करून आणतात आणि अडचणीचा एक कागद घरी ठेवतात.

काही वर्षांपूर्वीचं आमच्याच ऑफिसातलं प्रकरण आहे. आमच्या एका जिनिंगवाल्या पक्षकारानं दक्षिणेतल्या एका सूतगिरणीला रुईच्या गाठी पाठवल्या होत्या. बिलं होती, बिल्ट्या होत्या, वजनकाट्याच्या पावत्या होत्या, लेजरचा (खातेवहीचा) उतारा होता. पैसे आले नव्हते. दावा सरळ दिसत होता आणि आम्ही तो दाखल केला. समोरच्यांच्या कैफियतीसोबत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरासोबत) एक ई-मेल आला. त्यात आमच्याच पक्षकारानं लिहिलं होतं की मॉइश्चर (ओलावा) जास्त निघालं हे मान्य आहे, तेवढी कटती (बिलातून कपात) करा. मी पक्षकाराला फोन केला. ते म्हणाले, "साहेब, तो आपल्या विरोधात जाईल म्हणून दिला नाही."

खरी गोष्ट त्यानंतर कळली. त्याच मेलच्या खाली, आठ दिवसांनी, गिरणीच्या खरेदी व्यवस्थापकाचं उत्तर होतं: पुन्हा तपासणी केली, मॉइश्चर ठरलेल्या मर्यादेत आहे, कटती मागे घेतली. हा कागद पूर्ण आमच्या बाजूचा होता. पण पहिला मेल लपवायचा म्हणून त्यांनी सगळी साखळीच बाजूला ठेवली होती. पुढे तो दुसरा मेल दाखल करण्यासाठी परवानगीचा अर्ज करावा लागला. समोरच्या वकिलांनी तुमचा पक्षकार शपथेवर खोटं बोलला म्हणून आक्षेप घेतला, आणि नुसत्या त्या अर्जावर महिने गेले. शेवटी पक्षकारानं कमी रकमेवर तडजोड केली. पहिल्या भेटीत दोन्ही मेल टेबलावर असते तर कटतीचा मुद्दा आम्ही दाव्यातच लिहिला असता आणि समोरच्यांकडे बोलायला काही उरलं नसतं.

तेव्हापासून पहिल्या भेटीत मी हे विचारल्याशिवाय पुढे जात नाही: "समोरचा माणूस कोर्टात कोणता कागद दाखवेल?" काही जणांना याचा राग येतो, वकील आपला आहे की त्यांचा असं वाटतं. कृपया तसं समजू नका. माल खराब निघाल्याचा मेसेज, डेबिट नोट, "बाकी काही देणं नाही" अशी कधीतरी दिलेली चिठ्ठी, दलालाच्या तोंडी कमी केलेला भाव, हे सगळं दाव्याआधी कळलं तर दावा किती रकमेचा करायचा, करायचा की नाही, की आधी बोलणी करायची, हे ठरवता येतं. आणि तुम्ही सल्ल्यासाठी जे सांगता ते तुमच्या संमतीशिवाय बाहेर सांगायला कायद्यानंच मला मनाई आहे. या टेबलावर मोकळेपणानं बोला.

कोणते कागद, असं पुन्हा पुन्हा विचारलं जातं. मुनीमजी टॅलीतून लेजर काढून देतात आणि त्यांना वाटतं झालं. लेजर लागतंच, पण नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद ही एकटी कुणावर देणं लादायला पुरेशी नाही, असं पुराव्याचा कायदा सांगतो. त्या नोंदीमागचा व्यवहार दाखवावा लागतो. म्हणून ऑर्डर कशी आली ते दाखवणारं काहीतरी (पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, मेल, नाही तर व्हॉट्सअॅपचा मेसेज), बिल, ई-वे बिल, बिल्टी, माल पोचल्याची सही, काट्याची चिठ्ठी, बँकेचा उतारा आणि दोघांमधला सगळा पत्रव्यवहार आणा. केळीच्या व्यवहारात ऑर्डर बहुतेक वेळा फोनवरच होते, कागदाचा पत्ता नसतो. तिथे गाडी भरताना काढलेले फोटो आणि त्या दिवशीचे मेसेज हाच आधार असतो.

फोनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे फार नुकसान होतं. स्क्रीनशॉट प्रिंट करून आणला म्हणजे पुरावा झाला असं नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्यानं ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. आपल्या शेजारच्या जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली हे पक्कं केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला फोन किंवा कॉम्प्युटर ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यामुळे मूळ फोन जपून ठेवा. जुना फोन भाच्याला देऊन टाकला, चॅट उडालं, असं दर महिन्याला कुणी ना कुणी सांगतं. वाद सुरू झाल्याचा वास आला की फोन बदलू नका, चॅट पुसू नका आणि त्या ग्रुपमधून बाहेर पडू नका.

दावा करण्याच्या मुदतीचं सगळ्यांना माहीत आहे: तीन वर्षं. पण ती कुठून मोजायची यात घोटाळा होतो. माल विकला आणि उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्याच्या तारखेपासून, ठरलेली असेल तर ती मुदत संपल्यापासून. म्हणजे प्रत्येक बिलाचं वय वेगळं असतं. मुदत संपण्याआधी समोरच्यानं देणं लिहून, सही करून मान्य केलं तर त्या तारखेपासून मुदत नव्यानं सुरू होते. म्हणून दरवर्षी मार्चनंतर खातेउतारा पाठवून त्यावर सही-शिक्क्यासह बाकी मान्य करून घ्या. "आपले घरचे संबंध, सही कशी मागू?" असं म्हणणाऱ्यांना मी सांगतो, हिशेब जुळवायला मागा. सही हिशेबावरच होते आणि संबंधही टिकतात. आमच्या नियमित पक्षकारांना आम्ही या पत्राचा मराठी आणि हिंदी नमुना देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

भागीदारी पेढ्यांना एक कळकळीची विनंती. पेढी नोंदणीकृत नसेल तर कराराच्या हक्कासाठी तिऱ्हाइताविरुद्ध दावाच करता येत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ बघा. आजोबांच्या काळापासून चालत आलेल्या पेढ्या बिल, जीएसटी, बँक खातं सगळं नीट ठेवतात, पण निबंधकाकडे नोंद नसते किंवा वारलेल्या भागीदाराचं नाव तसंच राहिलेलं असतं. हे आजच तपासा.

आणखी एक प्रश्न: "थेट दावा का टाकत नाही?" तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्याखाली आधी मध्यस्थीला जावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ते बंधनकारक ठरवलं आहे. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत मोजला जात नाही, म्हणून घाबरू नका. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात असा माझा अनुभव आहे, आणि ज्याची फाइल पूर्ण असते त्याच्या बाजूनं जरा जास्त मिटतात.

तुमच्यावरच असा व्यापारी दावा झाला असेल तर समन्स मिळालं त्याच दिवशी फोन करा. कैफियतीला तीस दिवस असतात. कारण दाखवून कोर्ट जास्तीत जास्त १२० दिवसांपर्यंत नेऊ शकतं. त्यानंतर कैफियत घेतलीच जात नाही, कोर्टाची इच्छा असली तरी. सुरतच्या किंवा इंदूरच्या कोर्टाचं समन्स "तिकडचं आहे, बघू" म्हणून ड्रॉवरमध्ये टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ते ११० व्या दिवशी येतात. अशा वेळी आम्हाला काम घेणं फार कठीण जातं, आणि घेतलं तरी मनासारखं करता येत नाही.

फीबद्दल. "वसूल झालेल्या रकमेवर टक्के घ्या ना साहेब" ही सूचना नेहमी येते. वकिलांच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून असलेली फी किंवा रकमेतला वाटा आम्हाला घेता येत नाही, आणि मला तो नियम योग्य वाटतो. वाटा असला की वकिलाला लवकर तडजोड बरी वाटू लागते. पहिल्या वाचनाची फी आम्ही वेगळी घेतो. तीही काहींना खटकते, कारण त्यात दावा नसतो, नोटीस नसते. पण त्या फीत आम्ही प्रत्येक कागद वाचतो, तारखांचा तक्ता करतो, कोणतं बिल मुदतीत आहे आणि कोणतं गेलं ते लिहून देतो, आणि दावा करू नका असा सल्ला असेल तर तोही लेखी देतो. ते टिपण तुमचं. दुसऱ्या वकिलांकडे नेलंत तरी आमची हरकत नाही.

वकिलाला जाहिरात करता येत नाही, म्हणून हे पत्रक फक्त आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांसाठी आहे. दुकानात चिकटवू नका.

भेटीची वेळ संध्याकाळी सहानंतर, कारण दिवसभर आम्ही कोर्टात असतो. औरंगाबाद खंडपीठात तारीख असेल त्या दिवशी ज्युनिअर भेटतील. येताना मूळ कागद पिशवीत जसे आहेत तसेच आणा, निवडून आणू नका, लावायचं काम आमचं. मुनीमजींना सोबत घेऊन या. आणि जो कागद आणावा की नाही असा विचार मनात येईल, तो सगळ्यात वर ठेवा.